दोन गाड्यांच्या मधला वेळ

भोरच्या बाजारपेठेत जुन्या दुकानांना फळ्या असत. शटर फार नंतर आलं. पुरुषभर उंचीच्या, वीतभर रुंदीच्या लाकडी फळ्या उंबऱ्यातल्या आणि वरच्या तुळईतल्या खाचेत एकामागून एक सरकवायच्या, शेवटच्या फळीवर आडवा गज टाकायचा आणि कुलूप लावायचं. प्रत्येक फळीच्या आतल्या अंगाला डांबराने आकडा घातलेला असे. चौथीच्या जागी सातवी घातली तर ती बसत नाही. वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहून त्यांच्या कडा एकमेकींपुरत्याच झिजलेल्या असतात. राजवाड्याजवळच्या एका बोळात असं एक किराणा दुकान अजून आहे. पूर्वी सकाळी सगळ्या फळ्या निघत आणि ओट्यालगत भिंतीला टेकून उभ्या राहत. हल्ली मालक तीनच काढतात. तेवढ्या फटीतून ते आत जातात, तेवढ्याच फटीतून गिऱ्हाईक डोकावतं, आणि उरलेलं दुकान दिवसाढवळ्या अंधारात राहतं. मी विचारलं तर म्हणाले, "सगळ्या काढून करायचं काय, ताई? संध्याकाळी परत लावायच्याच ना. खांदा दुखतो आता."

खांदा दुखत असेलच. पण त्या अंधारात काय काय असायचं ते मी लहानपणी पाहिलेलं आहे. गुळाच्या ढेपा. खडेमिठाची पोती. काथ्याच्या दोरीची वेटोळी. पेंढ्यात गुंडाळलेल्या कंदिलाच्या काचा, आणि घासलेटचं पिंप, ज्याच्या वासाने दुकानातला चहासुद्धा घासलेटचा लागायचा. छतापासून लोंबणारा सुतळीचा गुंडा, ज्याचं टोक नेमकं शेठच्या हाताशी यायचं. पुडी बांधून झाली की ते टोक न बघता ओढायचे, दोन वेढे द्यायचे आणि बोटाच्या एका झटक्यात तोडायचे. कात्री कधी दिसली नाही.

आमचं गाव हिर्डस मावळात, वरंध घाटाच्या अलीकडे. गावात रात्रीची मुक्कामी गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, कुणाच्या तरी घरून त्यांना भाकरी जायची, आणि झुंजूमुंजू व्हायच्या आत गाडी सुटायची. बाजारच्या दिवशी आजी मला घेऊन त्या गाडीने भोरला यायची. गाडी स्टँडवर लागायची तेव्हा दुकानं उघडायची असत. परतीची गाडी पार दिवस कलल्यावर. या दोन गाड्यांच्या मध्ये जो दिवस पडायचा तो सगळा पेठेचा. मला आता वाटतं, भोरची पेठ तांदळावर, कापडावर किंवा किराण्यावर जगली त्याहून जास्त या मधल्या वेळावर जगली.

कारण खरेदीला तशी घटकाच लागायची. यादी ठरलेली, पैसे मोजलेले. पुढचे तास मात्र कुठेतरी काढायलाच हवेत. मग आजी पिशव्या किराणा दुकानाच्या कोपऱ्यात ठेवायची आणि कचेरीत चक्कर मारायची. सातबारा काढायचा असायचा, नाहीतर कुणाच्या तरी तारखेची चौकशी. तिथून डॉक्टर. तिथून कासाराकडे, बांगड्या भरायला नसल्या तरी बसायला. कापडाच्या दुकानाच्या पायरीवर आमच्या खोऱ्यातल्या बायका हटकून भेटायच्या. वीसगाव खोऱ्यात दिलेली लेक, भूतोंड्याला दिलेली बहीण, आंबवड्याकडची विहीण, सगळ्या बाजाराला आलेल्या. माहेरच्या माणसाची गाठ पडायची तर ती पेठेत. घरी जायला सासूची परवानगी लागायची, बाजाराला जायला लागत नव्हती. पायरीवर बसून रडून घेतलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. दुकानदार तेव्हा मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत राहायचे. तो वेळ त्यांनी कुणाकडून वसूल केला नाही.

भोरला पेठ असणं हे तसं भूगोलानेच ठरवलेलं. सह्याद्रीच्या कण्यावरून पूर्वेला उतरणारी खोरी, हिर्डस मावळ, रोहिड खोरं, वेळवंड, आणि प्रत्येकाचं पाणी नीरेला मिळणारं. जिथे पाणी येतं तिथे पायवाटाही येतात. वरंध्याने महाडकडून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर चढायचे, इकडून धान्य खाली उतरायचं. त्यात पंतसचिवांचं संस्थान इथे नांदलं; आज ज्याच्यात सिनेमांची चित्रीकरणं होतात तो राजवाडा १८६९चा. वसूल, न्याय, शाळा, दवाखाना, सगळं एका गावात. १९४८ साली संस्थान विलीन झालं तरी तालुक्याची कचेरी राहिली आणि माणसांची येण्याची सवय मोडली नाही. आमच्याकडे म्हातारी माणसं "बाजाराला चाललो" म्हणायच्या ऐवजी नुसतं "भोरात चाललो" म्हणायची.

पावसाळ्याआधीचा बाजार सगळ्यांत मोठा. एकदा का मृगाने जोर धरला की वरच्या वाड्यांचा रस्ता महिनोन्‌महिने भरवशाचा नसे, म्हणून चार महिन्यांची बेगमी एकदम करायची. त्या बाजारात रस्त्याच्या कडेला इरली उभी करून ठेवलेली असायची, बांबूच्या कामट्यांची आणि पानांची, लावणीला वाकलेल्या बाईच्या डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकणारी. इरलं विकत घेताना आजी ते पाठीवर घ्यायची आणि भर रस्त्यात वाकून लावणीचा हात करून बघायची. वाकल्यावर कड मानेला टोचते का, एवढंच तिला बघायचं असायचं. टोचत असेल तर बुरूड तिथल्या तिथे कामटी काढून कड वळवून द्यायचा. पुढे प्लास्टिकचा कागद आला. तो मीटरवर मिळतो, डोक्यावर बांधला की झालं, आणि इरल्यापेक्षा हलका आहे हेही खरं. बुरूड कधी यायचा थांबला ते कुणालाच नेमकं सांगता येत नाही.

उधारीचं मला सविस्तर सांगायचं आहे, कारण पेठेचा गाभा माझ्या मते तिथे होता. आमच्या भागात पैसा वर्षातून एकदा दिसायचा, भात झोडपून झाल्यावर. आषाढ-श्रावणात घरात कणगी तळाला गेलेली, लावणीची मजुरी द्यायची, पोरांची शाळा सुरू झालेली. त्या दिवसांत दुकानदार लिहून ठेवायचे आणि माल द्यायचे. मार्गशीर्षात गाडीच्या टपावर भाताची पोती यायची, पायलीने मापून दुकानात पडायची, खात्यावर रेघ ओढली जायची. मग पुन्हा संक्रांतीपासून नवं पान. म्हणजे दुकानाचं वर्ष भाताचं वर्ष होतं. सरकारचं मार्चला संपायचं, दुकानाचं पूजन दिवाळीला व्हायचं, पण वसुली मात्र भात खळ्यात येईपर्यंत थांबायची. परतीच्या पावसाने भात लोळलं त्या साली वसुलीही लोळायची. शेठ कपाळावर हात मारायचे, पुढचं पान काढायचे.

माझे चुलते मुंबईत गिरणीत होते. आमच्याकडच्या आणि शेजारच्या वेल्ह्याकडच्या कितीतरी घरांतला एक गडी मुंबईला असायचाच. गिरणीत, गोदीत, नाहीतर हमालीला. त्यांची मनिऑर्डर आली की खात्यावर थोडं भरलं जायचं. १९८२च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, मनिऑर्डर थांबली, आणि काही महिन्यांनी चुलतेच ट्रंक घेऊन परत आले. त्या वर्षी आमच्या घरात मीठमिरची आली ती पूर्ण त्या वहीवर. आजोबा दुकानात जायला लाजायचे, म्हणून आजी जायची. शेठ तिला एवढंच म्हणाले होते, "आजी, यादी सांगा. हिशेब नंतर बघू." हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा सांगितलं गेलं की मी तिथे होते की नव्हते हे मला आता आठवत नाही. संप कधी मिटलाच नाही. हिशेब मात्र फिटला; त्याला किती सुग्या लागल्या ते आजीला तोंडपाठ होतं.

आता हप्ता महिन्याच्या ठरलेल्या तारखेला खात्यातून जातो. फोन हप्त्यावर, गाडी हप्त्यावर, शेगडीसुद्धा. ती तारीख श्रावणात येते आणि मार्गशीर्षातही येते, तिला खळ्याशी काही देणंघेणं नाही. शेती करणाऱ्या घराला महिन्याच्या मापाने जगायला लावणं किती अवघड आहे, हे ज्यांच्या घरात महिन्याचा पगार येतो त्यांना पटकन उमगत नाही. आमच्या गावातली पोरं शिरवळला आणि खेड-शिवापूरला कंपनीत जातात ती काही अंशी या तारखेसाठीच जातात. शेती आहे, पण हप्त्याला शेती चालत नाही.

तरी ती पेठ सगळ्यांची सारखी नव्हती, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. माझ्या आजीला ओट्यावर बसायला जागा मिळायची. कातकऱ्याच्या बाईला मिळायची नाही. ती रस्त्यावर उभी राहायची आणि तिच्या पदरात पुडी वरून टाकली जायची. तिचं मध, तिची रानभाजी, तिच्या मोळ्या मात्र सगळ्यांना हव्या असायच्या आणि त्यांचा भाव ती सोडून सगळे ठरवायचे. मापात मारणारे होते. अंगठा उठवून घेऊन वहीत भलतंच लिहिणारे होते, आणि त्या आकड्यांपायी खाचरं गेलेली घरं आमच्याच खोऱ्यात आहेत. कुठल्या बाईच्या खात्यावर काय लिहिलंय हे पेठेत सगळ्यांना ठाऊक असायचं. मुली मोठ्या झाल्यावर त्यांना लागणाऱ्या वस्तू मागायला पुरुष दुकानदारापुढे तोंड उघडायचं नाही. बरोबरच्या बाईच्या कानात सांगायचं, तिने तिच्या ओळखीच्या दुकानात सांगायचं, मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पिशवीच्या तळाशी जायचं. आज आमच्या गावातली पोरगी फोनवर बोट फिरवून ते मागवते आणि कुणाला कळत नाही. तिला जुन्या पेठेचं प्रेम का असावं? मी तिच्याशी या बाबतीत वाद घालणार नाही. आपल्याला ओळखणारी माणसं आधार देतात आणि पाळतही ठेवतात. माझ्या वाट्याला आधार जास्त आला, एवढंच मला खात्रीने म्हणता येतं.

कापडाच्या दुकानात बस्ता बांधायचा तो दिवस तर दोन्ही घरांचं अर्धं लग्नच. पांढऱ्या गादीवर एका बाजूला नवरीकडचे, एका बाजूला नवऱ्याकडचे, मधे कापडाचे ढीग. आधी नवरीचे शालू, मग करवल्यांच्या साड्या, मग मानपानाची लुगडी आणि टोप्या-टॉवेल. कुणाला कुठलं लुगडं द्यायचं यावरून मोठ्या आत्या रुसायच्या आणि दुकानदार त्यांना रुसू द्यायचे. चहा यायचा, पुन्हा चहा यायचा, दुपारी भजी यायची. दुकानदाराला दोन्ही घरांची ऐपत माहीत असायची आणि तो त्या ऐपतीच्या वरचा गठ्ठा फळीवरून काढायचाच नाही. वरपक्षाने वरच्या किमतीचं मागितलं तर "त्यातलं संपलं, पुढच्या आठवड्यात येईल" असं म्हणायचा. वरच्या फळीवर ते असायचं. मुलीच्या बापाची नजर आणि दुकानदाराची नजर त्या वेळी एकमेकांना टाळायची.

भांड्यांच्या दुकानात मग नावं घालायला बसायचं. तांब्याच्या हंड्यावर, पितळी परातीवर लहान हातोडी आणि खिळ्यासारखी छिन्नी घेऊन टिंबाटिंबाने अक्षर उठवायचे. कोण, कुणाला, कशाप्रीत्यर्थ, कोणत्या तारखेला. माझ्या आईच्या घागरीवर तिच्या मामाचं नाव आहे. मामा गेले, त्यांचं गावही नीरा-देवघर धरणाच्या पाण्याखाली गेलं, घागर आहे.

या भागातल्या धरणांबद्दल पेठेच्या बाबतीत कुणी फारसं बोलत नाही. भाटघरचं पाणी जुनं. इंग्रजांच्या काळातलं ते धरण १९२०च्या दशकात पुरं झालं आणि वेळवंड खोऱ्याची मधली सपाट जमीन त्यात गेली. नीरा-देवघर अलीकडचं. पाणी चढलं तशी गावं उठली. काही वर सरकली, पुष्कळशी कुटुंबं खाली लाभक्षेत्रात गेली, जिथे त्यांना कालव्याखालची जमीन मिळाली आणि दुसरा बाजार मिळाला. गिऱ्हाईक तुटतं तेव्हा दुकानदार आपलं काय चुकलं ते शोधतो. इथे अख्खी गावंच वहीतून उठून गेली. एका दुकानदारांनी मला जुनी वही दाखवली होती, गावागावांची वेगळी पानं. पाण्याखालच्या गावांची पानं कोरी सुटलेली होती आणि त्यांनी ती दुसऱ्या गावाला दिली नव्हती.

पेठ ओसरण्याची बाकीची कारणं कुणालाही दिसतील अशी आहेत. पुणे जवळ आलं. कात्रजचा नवा बोगदा झाला, महामार्ग रुंदावला. कापूरहोळला आलं की निम्मं पुणं आल्यासारखं वाटतं. महामार्गाला लागून मोठी दुकानं झाली, पुढ्यात गाड्या लावायला जागा असलेली. भोरच्या पेठेत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या तरी एकीला मागे घ्यावं लागायचं, तिथे मोटार कुठे लावणार? बस्ता आता पुण्याच्या लक्ष्मी रोडला बांधतात. सातबारा फोनवर मिळतो. कचेरीच्या निमित्ताने येणारा माणूस त्यामुळे यायचा थांबला आणि त्याच्याबरोबर त्याचा चहा, त्याची विड्यांची बंडलं, पोरांना न्यायची शेव-रेवडी थांबली. २०२१च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला, तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. त्या महिन्यांत ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांनीही मोटारसायकली घेतल्या. २०२३च्या मार्चपासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं, बायका पुन्हा गाडीत दिसायला लागल्या, मला फार बरं वाटलं होतं. पण अर्ध्या तिकिटात भोर जवळ येतं तसं पुण्याचं स्वारगेटही येतं.

यातली सगळ्यांत खोल जखम मोटारसायकलची, असं माझं मत आहे. तिने कुणाचं वाईट केलं नाही. रात्री-अपरात्री बाळंतीण दवाखान्यात पोचते ती तिच्यामुळे. पण मोटारसायकलवर आलेला माणूस इंजिन चालू ठेवून पायरीपाशी थांबतो, हवं ते घेतो आणि निघतो. त्याला संध्याकाळच्या गाडीची वाट बघायची नसते. त्याच्याकडे काढायला वेळ नाही, म्हणजे पेठेकडे त्याला द्यायला काही उरलं नाही. दुकानदार पूर्वीही दिवसभर बसून असायचे, पण तेव्हा त्यांच्याबरोबर सगळं खोरं बसलेलं असायचं.

वेल्ह्याला, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणायचं तिथे, गोष्ट निराळी झाली. वेल्ह्याची पेठ कधीच मोठी नव्हती. तोरण्याच्या पायथ्याशी एक रस्ता, दोन्ही बाजूंना ओळ, पावसात दुकानांच्या पत्र्यापासून गडाच्या माथ्यापर्यंत सगळं एकाच धुक्यात. कानद खोऱ्यातली आणि गुंजण मावळातली माणसं तिथे मीठमिरची घ्यायची. मोठ्या खरेदीला नसरापूर, नाहीतर पाबे घाटाने पुणं. आज शनिवार-रविवारी त्या रस्त्यावर उभं राहायला जागा नसते. तोरण्याला आणि राजगडाला जाणारी मुलं, त्यांच्या गाड्या, पिठलं-भाकरीच्या पाट्या, पाण्याच्या बाटल्यांचे ढीग. मुलं चांगली असतात, गड मनापासून बघतात, भाकरी आवडीने खातात. सोमवारी रस्ता रिकामा होतो. मधल्या पाच दिवसांत एखाद्या म्हातारीला धान्य पाखडायला सूप हवं झालं तर ते मिळत नाही, कारण शनिवारी-रविवारी सूप कुणी मागत नाही. आणि जी दुकानं बंद झाली त्यांतली काही जमिनीच्या व्यवहाराची कार्यालयं झाली आहेत. काचेचा दरवाजा, भिंतीवर प्लॉटचे नकाशे, नकाशात धरणाचं पाणी निळं रंगवलेलं. ज्या दुकानात माणूस भात घालून मीठ न्यायचा, त्याच जागेत बसून तो भाताची खाचरं विकतो. हे लिहिताना मला राग आवरत नाही, आणि विकणाऱ्यावर तो काढावा असंही वाटत नाही.

माझी मावसबहीण पुष्कळ वर्षं इंग्लंडात आहे, मध्य भागातल्या एका लहान शहरात. तिच्या गावातही असाच एक मुख्य रस्ता. चर्च, टाऊन हॉल, आणि दोन्ही बाजूंना दुकानं. ती नवी गेली तेव्हा त्या रस्त्यावरच्या वूलवर्थ्समध्ये हातमोजे घ्यायला गेली होती, आणि तिला नावाने हाक मारणारी पहिली इंग्रज बाई त्या काउंटरवरची होती. १९०९ साली लिव्हरपूलला ज्याचं तिथलं पहिलं दुकान निघालं, त्या वूलवर्थ्सची आठशेच्या वर दुकानं २००८चा डिसेंबर संपता संपता बंद व्हायला लागली आणि ६ जानेवारी २००९ला शेवटची बंद झाली. पंधरवडाही लागला नाही. तिने फोनवर सांगितलं होतं, शेवटी शेवटी तिथे दुकानाच्या मांडण्यासुद्धा विकायला काढल्या होत्या आणि लोक त्या घरी नेत होते. पुढे २०२१च्या मे महिन्यात डेबनहॅम्सची दुकानंही गेली, ज्यांची मुळं १७७८ पर्यंत मागे जातात. तिथे मोटारी गावाबाहेरच्या मोठ्या दुकानांकडे वळल्या, मग घरबसल्या मागवायची सोय झाली. भाडं आणि कर मात्र जुन्या रस्त्यावर होते तसेच राहिले. आता तिच्या रस्त्यावर धर्मादाय संस्थांची जुन्या कपड्यांची दुकानं आहेत आणि कितीतरी कोरे दरवाजे. मागे ती भोरला आली तेव्हा आम्ही दोघी पेठेतून चालत गेलो. ती एक एक बंद दार बघत होती. मला वाटलं तिला जुनं भोर आठवतंय. ती म्हणाली, "आमच्याकडे निदान कौन्सिल, खासदार, सगळे याच्यावर भांडतात तरी. इथे कोण बोलतं गं?"

मला उत्तर देता आलं नाही. इथे बोलतात ते दुकानदारच, आणि तेही आपापसात. आणि त्यांची मुलं पुण्यात नोकरीला आहेत, त्यांनी ती हौसेने शिकवलेली आहेत, ती परत गादीवर बसावीत असं त्यांनाही वाटत नाही. एका जणाने मला सरळ सांगितलं, "माझ्या बापाने गिऱ्हाइकाची वाट बघण्यात जन्म घालवला, मी घालवला. पोराने कशाला घालवायचा?" या बोलण्यात कडवटपणा नव्हता. त्याने पोराच्या पगाराचा आकडाही सांगितला, अभिमानाने.

लॉकडाऊनमध्ये, २०२०च्या उन्हाळ्यात, एक विलक्षण गोष्ट झाली. पुण्या-मुंबईची माणसं गावाकडे आली, महामार्ग ओस पडला, मोठी दुकानं लांब राहिली, आणि उधारीच्या वह्या पुन्हा उघडल्या. ज्यांनी भोरच्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती त्या पोरांनी आजोबांचं नाव सांगितलं आणि त्या नावावर माल नेला. पुढे सगळं सुरळीत झाल्यावर ती पोरं गेली. बहुतेकांनी पैसे फोनवरून पाठवले, वेळेवर पाठवले. एका दुकानदाराला तेच लागलं. पैसे द्यायला तरी यायचं होतं, म्हणाले.

स्टँडच्या बाजूला एक कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना. सासू-सून मिळून चालवतात. परवा गेले तर काउंटरच्या मागे खाकी खोक्यांची थप्पी दिसली. सगळी बाहेरून मागवलेली पार्सलं. वरच्या वाड्यांमध्ये घरांना नंबर नाहीत, रस्ता धड नाही, पार्सल पोचवणारा मुलगा तिथवर जात नाही. तो फोन करून विचारतो आणि या दुकानात ठेवून जातो. मग ज्याचं असेल तो बाजाराच्या दिवशी वडापच्या जीपने येतो आणि घेऊन जातो. सुनेने त्यासाठी वही केली आहे, गावागावांची वेगळी पानं. एक मुलगी आपलं खोकं तिथेच फोडून बघत होती. कुर्ता दंडाला घट्ट होत होता. सासूबाईंनी तो उलटा करून शिवण पाहिली, आत कापड सोडलेलं आहे म्हणाल्या, आणि तो शेजारच्या शिंप्याकडे पाठवला. "तासाभरात देईल. तवर बस हितं." मुलगी स्टुलावर बसली. बसल्या बसल्या तिने बांगड्या बघायला घेतल्या.

"याचे काही मिळतात का तुम्हाला?" मी सुनेला विचारलं.

"कोण देणार? तो पोरगा पण पार्सलमागं मिळेल त्याच्यावरच. मी म्हणते, आपण घेणाऱ्याकडून पाच-पाच रुपये घ्यावेत. जागा अडते, जबाबदारी असते."

"पाच कशाला, धा घ्या," वडापवाला मधेच म्हणाला. तो आत नुसता पाणी प्यायला आला होता. "आमी न्हाय का शीटमागं घेत."

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "पैसं मागितलं की मानूस खोकं उचलून चालाय लागतं."

"मग भाडं कशातनं भरायचं, आत्या?"

शिंप्याने बाहेरून हाक मारली, दंड किती सोडू म्हणून, आणि मुलगी उठून गेली. तिघांचं बोलणं बराच वेळ चाललं, मलाही विचारलं, मी दोन्हीकडून बोलले. सून वहीत पार्सलं मोजत होती. पुढच्या बाजारापर्यंत असंच चालू दे, मग बघू, असं सासूबाईंनी सांगितलं, आणि सुनेला ते पटलेलं नव्हतं.